कस्तुरा ओव्हाळचा अधांतरी शिधा

पुरुषांची तुकडी कुमाऊँतून परत आली ती ठरल्यापेक्षा बरीच आधी, आणि पिंपरी स्टेशनवर उतरल्यावर कुणी कुणाकडे धड बघेना. १९७६ सालचा मे महिना संपत आला होता. कंपनीच्या हायकिंग क्लबानं त्यांना हार घालून पाठवलं होतं: हिमालयातली एक खिंड चढायची, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिकडून फिरून यायचं. खिंड त्यांनी लांबूनच पाहिली. का, असं विचारलं की जो तो हवामानाचं नाव सांगे. ही सबब थोडे दिवस टिकली. मग शिध्याचा प्रमुख म्हणून गेलेला ज्ञानदेव शेलार कँटीनमध्ये चहा पिता पिता बोलून गेला, "हवामान कसलं राव, अस्वलानं शिधा खाल्ला."

सगळं कँटीन हसलं. एक बाई तेवढी हसली नाही. पलीकडच्या टेबलावरून ती उठली, ज्ञानदेवाच्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "कुठं ठेवला होता?"

"झाडाला टांगला होता, कस्तुरावहिनी. शिंक्यात. किल्ल्यावर आपण नाही का टांगत, उंदरांसाठी?"

"खोडापासून किती लांब?"

"खोडालाच की."

"अस्वल झाडावर चढतं, हे माहीत नव्हतं?"

"आता झालं माहीत."

"आणि तंबू का फाडला मग? सगळं टांगलेलं होतं ना?"

ज्ञानदेव ग्लासात बघायला लागला. "कुणाकुणाच्या उशाशी थोडं थोडं होतं. घरचं दिलेलं. गुळपापडी, सुकट, असलं काय काय."

"थोडं थोडं," कस्तुरा म्हणाली आणि उठून कामावर गेली.

कस्तुरा ओव्हाळ पॅकिंग खात्यात होती. कारखाना औषधांचा. गोळ्या बाटल्यांत भरायच्या, झाकणं बसवायची, सील करायचं, खोकी बांधायची. ऐकायला सोपं वाटतं. शिफ्ट संपेपर्यंत करून बघावं. तिनं बंद केलेल्या बाटलीत दमट हवा शिरली अशी तक्रार कधी आली नाही, आणि दुसऱ्या कुणी सैल बसवलेलं झाकण तिच्या नजरेतून सुटलं नाही. त्यामुळे खात्यातल्या बायका तिला थोड्या वचकून असत. ती तोंडानं तिखट होती आणि त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही.

जन्म तिचा मावळातला, तळेगावच्या वरच्या अंगाला. डोंगराची हौस आहे म्हणे, असं कुणी म्हटलं की ती चिडायची. "हौस कसली? आमचं सरपणच तिकडं होतं." मॅट्रिक झाली, लग्न झालं, नवरा भीमराज चिंचवडला एका कारखान्यात प्रेसवर होता. दोघं सासू आणि मुलीसह थेरगावला राहायची. कंपनीच्या क्लबात बायकांचंही नाव घालतात असं कळल्यावर ती रविवारच्या सहलींना जायला लागली. लोहगड, विसापूर, तिकोना. तिथं तिला पहिल्यांदा कळलं, की डोक्यावर मोळी नसताना डोंगर चढला तर आजूबाजूला बघता येतं. ते तिला इतकं आवडलं की त्यापायी ती घरातल्या आणि बाहेरच्या कुणाशीही भांडायला तयार असे.

हिमालयाला मात्र बायकांना जाता येत नव्हतं. अर्ज दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी वेल्फेअर ऑफिसर उद्धवराव तो हसून बाजूला ठेवायचे. सत्त्याहत्तर साली त्यांनी तो बाजूला ठेवला नाही. प्रयोगशाळेतल्या कुसुमताई ठकार स्वतः त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या आणि उठेचनात. कुसुमताई पन्नाशीच्या, एमेस्सी झालेल्या, आवाज असा की प्रयोगशाळेतून बोलल्या तर फाटकावर ऐकू जावं. उद्धवरावांनी शेवटी हात टेकले, पण अट घातली.

"जा. खिंड ओलांडून या. मधूनच परत फिरलात किंवा काही भलतं घडलं, तर बायकांचा हिमालय कायमचा बंद. पुन्हा कुणी मागायला यायचं नाही."

पुरुष परत फिरले होते आणि त्यांचा हिमालय चालूच होता. हे कुसुमताईंच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. बाहेर येऊन त्यांनी कस्तुराला बोलावलं. "शिधा तुझ्याकडे. तो गेला तर आपण गेलो. आपल्यामागून येणाऱ्या सगळ्या गेल्या."

शिध्याला हात ओव्हाळबाईंचा, म्हणून दोघी-तिघींनी नाकं मुरडली. ते दिवसही तसे होते आणि माणसंही. कुसुमताईंनी त्यांना एकदाच सांगितलं, "मग आपापलं खाणं आपापल्या पाठीवर घ्या, आणि अस्वलाशी तुमचं तुम्ही बघून घ्या." नाकं सरळ झाली.

कस्तुरानं आधी डबे शोधले. कारखान्यात मक्याचा स्टार्च पत्र्याच्या पिंपांतून यायचा. छोटी, गुडघ्याइतकी पिंपं. झाकणाभोवती लोखंडी कडं आणि ते आवळून धरणारा खटका. खटका बसला की आतला वास बाहेर येत नाही आणि बाहेरची दमट हवा आत जात नाही. रिकामी पिंपं भंगारात जात. तिनं रीतसर परवानगी काढून त्यातली चांगली निवडली, सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि खटक्यांना तेल दिलं.

मग एका रविवारी वस्तीतल्या विहाराशेजारच्या मैदानात तिनं सगळ्यांना जमवलं. मैदानाच्या कडेला चिंचेची झाडं होती. एका पिंपात तिनं विटा भरल्या आणि ज्ञानदेवाला म्हणाली, "भाऊ, तुम्ही अस्वल व्हा."

"मी?"

"तुम्हीच त्याला जवळून पाहिलंय."

"पाहिलं कुठं, वहिनी? मी तोंडावर पांघरूण घेऊन पडलो होतो."

"मग आवाज ऐकला असेल. चढा."

ज्ञानदेव चढला. गडी मावळातला, चढायला वाकबगार. पहिल्या वेळी पिंप जाड फांदीला टांगलं होतं. तो फांदीवर मांड ठोकून बसला आणि विहिरीतून घागर काढावी तसा दोर ओढून पिंप वर घेतलं. दुसऱ्या वेळी ते फांदीच्या बारीक टोकाला बांधलं. त्यानं फांदी अशी हलवली की पिंप खोडावर आपटून आपटून फांदीसकट खाली आलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. कस्तुरानं तिसऱ्यांदा दोन झाडांच्या मध्ये आडवा दोर ताणला, पिंप बरोबर मध्यावर लोंबकळत ठेवलं आणि ते वर खेचायचा दोर लांब तिसऱ्याच झाडाला नेऊन बांधला.

ज्ञानदेव एका झाडावर चढला. हात पुरेना. उतरून दुसऱ्यावर चढला. तिकडूनही पुरेना. मग त्याच्यातला मर्द जागा झाला आणि तो दोराला लटकून पिंपाकडे सरकायला लागला. मध्यावर पोचण्याआधीच हात भरून आले. पुढे जाता येईना, मागेही येता येईना.

"अस्वलाला उतरवा रे कुणीतरी," भीमराज म्हणाला. शिडी आणली गेली.

सगळे हसत होते तेव्हा कस्तुराची सासू सोजरबाई मैदानाच्या कडेला बसून तंबाखू मळत होती. "आगं कस्तुरे, त्यो हसण्यावारी न्हेतोय, पर तुझं शिकं खाली आलंय की. सकाळी वर हुतं, आता बघ. मागल्या पायावर हुबं ऱ्हायलं तर खालनंच पुरंल त्याला."

कस्तुरानं बघितलं. विटांच्या वजनानं दोर सैलावला होता आणि पिंप निम्म्यावर आलं होतं. "आत्या, हे मला सुचायला पाहिजे होतं."

"तुला समदंच सुचाया पायजे व्हय? मग आमी कशाला हाय?"

तेव्हापासून एका दोरावर एकच हलकं पिंप, आणि दर वेळी दोर पुन्हा ताणायचा, असं ठरलं.

हे झालं टांगण्याचं. खरं भांडण पुढेच होतं, आणि ते खोबरेलावरून झालं. कस्तुरानं बैठकीत सांगितलं, "खाणं तर पिंपात जाईलच. पण साबण, दंतमंजन, पावडर, औषधाचं मलम, वासाचं जे जे काही आहे ते पिंपात. आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत डोक्याला तेल नाही."

तंबूत झोपायचं, बर्फावरून चालायचं, हे सगळं बायकांनी बिनतक्रार मान्य केलं होतं. तेलाला मात्र त्या अडून बसल्या.

"अगं, केसांच्या वाती होतील."

"होऊ देत."

"थोडं हातावर घेऊन नुसतं..."

"थोडं थोडं," कस्तुरा म्हणाली. "मागच्या वर्षी थोडं थोडंच होतं."

त्यांनी तेलाचा नाद सोडला. पाठीमागे तिला काय म्हणाल्या ते तिनं ऐकलं आणि सोडून दिलं.

मे महिन्यात त्या निघाल्या. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे मोटार, मोटारीचा रस्ता संपला तिथून खेचरं. वाटाड्या जयसिंग नावाचा, मागच्या वर्षी पुरुषांबरोबर होता तोच. पिंपं बघून तो म्हणाला, "इसमें दवाई है?"

"खाना है," कस्तुरा म्हणाली.

जयसिंगनं खटका उघडून बघितला, पुन्हा लावून बघितला आणि मान हलवली. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, की या जंगलातलं अस्वल पूर्वी माणसाचा वास आला की लांब जायचं. पण मागच्या वर्षी त्याला तंबूत गूळ मिळाला. आता त्याला तंबू म्हणजे काय ते कळलंय. "आपके साहब लोगों ने उसे बिगाड़ दिया, बहनजी."

मुक्कामावर पोचलं की कस्तुराचं पहिलं काम झाडं बघायचं. तंबू एकीकडे, चूल त्यांच्यापासून लांब, आणि पिंपं दोन्हींपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला. जेवण झालं की खरकटं जाळायचं, भांडी तिथंच राखेनं घासायची, स्वयंपाकाच्या वेळी अंगावर असलेली साडी किंवा सलवार बदलून तीही पिंपांपाशी टांगायची. थकून आलेल्या बायकांना हे सगळं करायचा कंटाळा येई आणि त्या तो उघड दाखवत. कस्तुरा उघड ओरडे. तंबूंच्या दारात उभी राहून ती एकेकीचे खिसे उलटे करायला लावी. एकीच्या रुमालाच्या गाठीत सुपारी सापडली. सुपारीलाही वास येतो का, यावर अर्धा तास वाद झाला आणि सुपारी पिंपात गेली.

दुसऱ्या की तिसऱ्या मुक्कामावर सकाळी जयसिंगनं सगळ्यांना झाडापाशी नेलं. खोडावर ताजे ओरखडे होते, साल सोलून निघाली होती. वर पिंप जसंच्या तसं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्या दिवसापासून खिसे सांगायच्या आधीच उलटे व्हायला लागले.

खिंडीच्या अलीकडे झाडांचा शेवटचा मुक्काम लागला तो दुपारीच. पुढे उघडं कुरण, मग दगड, मग बर्फ. एक दिवस मध्ये, आणि खिंड. पण कुसुमताई लंगडत आल्या. तळपायांची आग आग होत होती, टाचेला फोड, अंगात कणकण. पुढारीणच चालू शकली नाही तर तुकडीला परत फिरायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाकीच्या ओढ्यावर कपडे धुवायला गेल्या. कस्तुरा तंबूत वाकून आली. "ताई, ती काशाची वाटी कुठाय?"

"कसली वाटी?"

"तुमच्या पिशवीत आहे ती. पहिल्याच दिवशी हाताला लागली मला. भांडं आहे, त्याला वास नाही म्हणून काही बोलले नाही."

कुसुमताईंनी वाटी काढून दिली. घरी रोज रात्री त्या तळपायाला वाटीनं तूप चोळून घेत. त्याशिवाय त्यांना झोप येत नसे. कस्तुरानं पिंप खाली घेतलं, बोटावर तूप काढलं, पिंप पुन्हा बंद करून वर चढवलं, दोर ताणला. मग कुसुमताईंचे पाय मांडीवर घेतले.

"अगं, तू पायाला हात लावायचा नाहीस माझ्या."

"पाय उद्या चालायला पाहिजेत, ताई. लाजायचं ते पुण्याला जाऊन लाजा."

तळपाय काळे पडेपर्यंत तिनं वाटी फिरवली. उष्णता निघाली की तूप काळं पडतं, असं तिच्या आईचं सांगणं होतं. कुसुमताईंचे डोळे मिटले. कस्तुरानं त्यांना लोकरीचे मोजे चढवले, पांघरूण घातलं, वाटी पिंपापाशी नेऊन ठेवली, स्वतःचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि चुलीकडे गेली. सगळ्या बायकांची डोकी तिनं हुंगून बघितली होती. पाय तिच्या ध्यानात आले नाहीत.

ऊन अजून समोरच्या कड्यावर होतं. कस्तुरा पिठल्याचं पीठ कालवत होती. तिनं सहज वर बघितलं तर कुसुमताईंचा तंबू हलत होता. उठल्या वाटतं, असं म्हणून ती पुन्हा खाली बघणार, तेवढ्यात तंबूच्या दारातून मागं सरकणारी काळी पाठ दिसली. मोठी, केसाळ.

आत कुसुमताई अर्धवट झोपेत होत्या. पायाला कुणीतरी काहीतरी करतंय असं त्यांना जाणवलं. पुढे त्या हे कुणालाही आणि कितीही वेळा सांगत: "मला वाटलं कस्तुराच परत आली वाटी घेऊन. म्हटलं, अगं, जरा हळू."

कस्तुराच्या हाताशी गुळाची ढेप होती. तिनं ती उचलली. फेकणार, तेवढ्यात जयसिंगनं तिचं मनगट धरलं. "नहीं. शोर करो. नीचे का रास्ता छोड़ो."

तिनं ढेप टाकली आणि परात घेतली. डाव कढईवर, उलथनं तव्यावर, ओढ्यावरून पळत आलेल्या बायकांच्या हातात धुण्याची थापटणी. सगळ्या एका बाजूला खेटून उभ्या राहिल्या, जंगलाची बाजू मोकळी ठेवली, आणि असा काही कल्ला केला की पलीकडच्या कड्यावरून तो परत ऐकू आला. अस्वल तंबूतून पुरतं बाहेर आलं. त्याच्या तोंडात लोकरीचा मोजा होता. मागच्या पायांवर उभं राहून त्यानं या बायकांना एकदा बघून घेतलं आणि मोजा घेऊन उतारावरून झाडीत गेलं.

कुसुमताईंच्या एका घोट्यावर दातांची नुसती रेघ उमटली होती. रक्त नव्हतं.

"खाना अंदर था?" जयसिंगनं विचारलं.

कस्तुरा तंबूत वाकली. तिथं काही नव्हतं. मग तिला वास आला. "पाय होते," ती म्हणाली. "तूप लावलेले पाय. मीच लावलं."

कुणी तिला बोललं नाही. ज्यांच्या रुमालातली सुपारीसुद्धा तिनं सोडली नव्हती त्यांना बोलायचा हक्क होता, पण त्या बोलल्या नाहीत. रडायला वेळही नव्हता. अस्वलाला तुपाची चव लागली होती. ते पुन्हा येणार हे सांगायला जयसिंगची गरज नव्हती. उजेड आहे तोवर मुक्काम वर, उघड्या कुरणात हलवायचा असं ठरलं. कस्तुरानं उरलेला मोजा चुलीत घातला, कुसुमताईंना धरून ओढ्यावर नेलं आणि त्यांचे पाय राखेनं आणि साबणानं घासले, पुन्हा राखेनं घासले. बर्फाचं पाणी. कुसुमताईंनी एमेस्सीला शिकवत नाहीत असे शब्द वापरले. मग त्या उठून चालायला लागल्या. जे तुपानं झालं नव्हतं ते अस्वलानं केलं.

वर झाडं नव्हती. टांगायचं कशाला? कस्तुरानं तंबूंपासून पुष्कळ लांब मोठ्या धोंड्यांमधली एक फट शोधली, पिंपं तिथं आडवी रोवली, दोरानं एकमेकांना जखडली, वर दगड रचले. प्रत्येक खटका दोनदा दाबून बघितला. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सकाळी दगड विखुरले होते. दोर तुटला होता. एक पिंप जागेवर नव्हतं, आणि नेमकं तेच होतं ज्यात भाजणी, तांदूळ, डाळ आणि दुधाची पावडर, म्हणजे पुढचं जवळजवळ सगळं जेवण होतं.

उद्धवरावांचं वाक्य सगळ्यांच्या मनात होतं. कस्तुरा उताराकडे बघत उभी राहिली आणि मग एकदम खाली निघाली. घसरत, बसत, हातांवर उतरत. खाली ओघळीत पिंप पडलं होतं. चहूबाजूंनी चेपलेलं, पत्र्यावर दातांच्या खुणा, एका जागी नखांनी रंग खरवडलेला. झाकण बंद होतं.

खटका इतका वाकला होता की तो उघडेना. जयसिंगनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून तो काढला. कस्तुरानं आत हात घालून मूठभर भाजणी काढली. कोरडी, भुरभुरीत. तिनं ती हुंगली, परत पिंपात टाकली आणि मग तिथंच दगडावर बसून पदर डोळ्यांना लावला. कुसुमताई वरून ओरडल्या, "काय आहे?" जयसिंगनं हात हलवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या सगळ्या खिंडीत उभ्या होत्या. पलीकडे आणखी डोंगर होते, निळे, एकामागे एक. कस्तुरा कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चला, खाली झाडं लागायच्या आत उजेड पाहिजे."

परतीच्या गाडीत कुसुमताईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "हे बघा, आपण खिंड ओलांडली. अट पुरी झाली. अस्वलाचं कुणी काढू नका. उद्धवराव 'भलतं घडलं' म्हणतील आणि दार लावून टाकतील. अस्वल आलंच नव्हतं."

बायकांनी माना हलवल्या. सोपं होतं ते. सगळ्यांच्या भल्याचं होतं.

"आलं होतं," कस्तुरा म्हणाली.

"अगं, पण तुझीच..."

"माझीच चूक. म्हणूनच. पुढच्या वर्षी जातील त्यांच्यातली कुणीतरी कुणाच्या तरी पायाला तूप चोळणारच. आपल्याकडे कोण चोळत नाही? तिला कोण सांगणार?"

"आणि पुढची तुकडीच गेली नाही तर?"

कस्तुरा खिडकीतून बाहेर बघत बसली. पुणं येईपर्यंत तिनं दोन-तीनदा मन बदललं असेल. तिच्या चेहऱ्यावरून तसं दिसत होतं. पण क्लबाच्या बैठकीत उद्धवरावांनी विचारलं, "सगळं ठीक पार पडलं ना?" तेव्हा ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. तूप, वाटी, मोजा, गुळाची ढेप उचलली ती, चेपलेलं पिंप. काही गाळलं नाही आणि काही तिखटमीठ लावून सांगितलं नाही.

उद्धवरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे बायकांच्या तुकडीवर अस्वल आलं."

"आलं, साहेब. मागच्या वर्षी पुरुषांकडे आलं तेव्हा जेवून गेलं. आमच्याकडून उपाशी गेलं."

"आणि तुमचा पाय चाटून गेलं, कुसुमताई."

"पाय माझा होता," कुसुमताई म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही. तुमची का असावी?"

मागच्या बाकावरून ज्ञानदेव उठला. सगळ्यांना वाटलं हा आता मस्करी करणार. तो म्हणाला, "साहेब, आम्ही आल्यावर हवामान सांगत फिरलो. खरं तेव्हाच सांगितलं असतं, कुठं काय ठेवलं होतं ते, तर वहिनींना ते खोदून काढायला लागलं नसतं." आणि खाली बसला.

उद्धवरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. बऱ्याचशा साहेबांचं तसंच असतं. शेवटी ते म्हणाले, की तुकडी जाईल, बायकांचीही आणि पुरुषांचीही. पण दोन्हींचा शिधा ओव्हाळबाई बांधतील, आणि निघण्याआधी तो तुपाचा किस्सा प्रत्येक तुकडीला स्वतःच्या तोंडानं सांगतील.

कस्तुराला ही शिक्षा वाटली, आणि थोडी ती होतीही. पुढची पाच-सहा वर्षं, ब्याऐंशीपर्यंत, दर मे महिन्यात कंपनीच्या फाटकापाशी बस उभी राही, आणि कस्तुरा पायरीवर चढून आपण कुठं चुकलो ते हसणाऱ्या लोकांना सांगे. मोज्यापाशी हमखास हशा पिके. ती तो संपेपर्यंत थांबे. मग खाली उतरून एकेकाच्या पिशवीत हात घाली. तुकड्या खिंड ओलांडून येत राहिल्या, बायकांच्याही, आणि तिची स्वतःची पुन्हा जायची पाळी मात्र एकदाच आली.

एका वर्षी पुरुषांच्या तुकडीतल्या सोनबा नावाच्या फिटरच्या पिशवीत, अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळलेल्या करंज्या निघाल्या.

"आईनं दिल्यात, बाई," तो म्हणाला. "पिंपात नका ना टाकू. सगळे खातील."

"पिंपात जागा नाही."

"मग?"

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कस्तुरानं टॉवेल उलगडून बसच्या पायरीवर पसरला आणि स्वतः बाजूला उभी राहिली.

"खा," ती म्हणाली. "शेवटची संपल्याशिवाय बस हलणार नाही. आणि खाऊन झाल्यावर टॉवेल इथंच ठेवून जा."

सोनबा खायला लागला. चार खाल्ल्यावर त्यानं केविलवाणं मागं बघितलं, तेव्हा सगळी तुकडी हात पुढे करून खाली उतरली.